हॉस्पिटलमधून सुट्टी झाल्यावर रिहॅब सेंटर की सरळ घर?

रानजाई | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

बाबांना (वय ७१) गेल्या महिन्यात स्ट्रोक झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय आणि बोलणं दोन्ही गेलं. सकाळी उठले तेव्हाच हात लुळा होता, म्हणजे रात्रीत नक्की कधी झालं तेच कळेना, त्यामुळे ते साडेचार तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन देता आलं नाही. आयसीयू, मग वॉर्ड, मग रूम असं सगळं होऊन आता बीपी-शुगर ठिकाणावर आहे, नाकातली नळी निघालीय, आणि डॉक्टर म्हणतात आमचं काम झालं, दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज. पण घरी नेऊ नका, चार-सहा आठवडे रिहॅब सेंटरला (पुनर्वसन केंद्रात) अ‍ॅडमिट करा.

आता अडचण अशी. आई-बाबांचं घर सांगलीला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझं पुण्यात वन बीएचके. आईचे गुडघे तिलाच साथ देत नाहीत. दादा बंगलोरला, येऊन-जाऊन असतो. पुण्यातल्या सेंटरांनी सांगितलेले दर रोजचे साडेपाच ते आठ हजार, औषधं-डायपर वेगळे. त्यात काका आणि आत्या रोज फोन करून म्हणतात की जिवंत माणसाला आश्रमात टाकताय का, घरच्या अन्नाने आणि घरच्या माणसांत लवकर बरे होतील, फिजिओ काय घरीपण येतो.

बाबांना विचारावं तर काहीही विचारा, एकच शब्द येतो, "चालेल". दुखतंय का? चालेल. चहा हवा? चालेल. तुमचं नाव काय? चालेल.

कुणी अशा सेंटरमध्ये राहिलंय का, किंवा घरचं कुणी? खरंच फरक पडतो की नुसतं बिल वाढतं? काय बघून निवडायचं?

चहाबाज | सोमवार, रात्री ११.५२

आधी बाबांना लवकर बरं वाटो. अनुभव नाही, पण काका आणि आत्या यांना एक प्रश्न विचारा: रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला कोण येणार, काका की आत्या? फोन आपोआप कमी होतील.

पमाताई | मंगळवार, सकाळी ६.१५

चहाबाज +१००. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळी "घरीच न्या" म्हणणारे सतरा जण होते. घरी आणल्यावर सतराच्या सतरा जण नारळपाणी घेऊन आले, पंधरा मिनिटं बसले आणि "बारीक झाल्या हो" म्हणून गेले. सून मात्र एकच होती, मी. ब्युरोची मावशी मिळेपर्यंत माझी पाठ कामातून गेली, आणि मावशी मिळाली ती चौथ्या दिवशी गावाला जत्रा आहे म्हणून गेली ती गेलीच.

रानजाई, नारळपाण्यावरून आठवलं, गिळण्याची टेस्ट झालीय ना? पातळ पदार्थ चालतात का हे लेखी घे. आमच्या ओळखीत एकांना भेटायला आलेल्या मावसभावाने प्रेमाने नारळपाणी पाजलं, ठसका लागला, दोन दिवसांनी न्यूमोनिया, परत आयसीयू.

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ८.०५

मी विरुद्ध बाजूने लिहितो. सौ.ला ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा पुण्यातल्याच एका चकाचक सेंटरला ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. लॉबीत कारंजं, भिंतीवर सूर्यास्ताचे फोटो, दारात गणपती. थेरपी किती? सकाळी अर्धा तास, संध्याकाळी झालीच तर वीस मिनिटं. मधल्या वेळात पेशंटला व्हीलचेअरवर बसवून टीव्हीसमोर ठेवायचे, तोही हिंदी बातम्यांचा चॅनल, धडधाकट माणसाचं डोकं फिरेल. रविवारी सुट्टी. दिवाळीत चार दिवस सुट्टी, बिल मात्र चारही दिवसांचं. शिवाय घरचं माणूस चोवीस तास पाहिजेच हा नियम, मग नर्सिंगचे पैसे कशाचे? आम्ही तीन आठवड्यांत बाहेर काढलं आणि घरी एक मुलगी लावली, नुकतीच फिजिओ झालेली, ती रोज दोन तास मन लावून करायची. सौ. आज भाजी आणायला एकटी जाते (आणि मी आणलेली परत करते).

तेव्हा आठ हजार देण्याआधी दहादा विचार करा. हॉटेल आणि रिहॅब यात फरक असतो.

फिजिओवाली | मंगळवार, दुपारी १.३०

लंच ब्रेकमध्ये लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी न्यूरो फिजिओ आहे, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या पेशंटची फिजिओ, बारा-पंधरा वर्षं हेच करतेय, सध्या हॉस्पिटलमध्ये आहे, कुठल्याही सेंटरशी माझा संबंध नाही.

काका म्हणतात ते शंभर टक्के होतं, अशी सेंटर्स आहेत. पण त्यावरून "घरीच बरं" असं निघत नाही, "विचारून घ्या" असं निघतं. स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात जास्त सुधारणा दिसते, पुढेही होत राहते पण वेग मंदावतो, त्यामुळे हे आठवडे कुठे आणि कसे जातात याला महत्त्व आहे. रानजाईच्या बाबांना हात, पाय, बोलणं, गिळणं, कदाचित लघवीचा कंट्रोल असं सगळंच एकदम आहे. घरी येणारा फिजिओ पाऊण तास पाय हलवून जाईल, स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत करायला शिकवतात ते) बहुतेक मिळणारच नाही, आणि या तिघांची आपापसांत कधी भेटच होणार नाही. सेंटरचा खरा फायदा म्हणजे ही सगळी टीम एका जागी असते आणि आठवड्याला बसून पेशंटबद्दल बोलते. बोलत नसतील तर मग काकांचं हॉटेल.

आता काय विचारायचं ते. रोज प्रत्यक्ष किती तास थेरपी, एकास एक की सहा जणांना रांगेत बसवून, रविवारी काय, रात्री ड्युटीवर डॉक्टर असतो का आणि तब्येत बिघडली तर कुठल्या आयसीयूत नेणार. अ‍ॅडमिट करताना बार्थेल इंडेक्स काढतात का विचारा. दहा साध्या गोष्टी असतात, जेवण, अंघोळ, संडास, जिना, खुर्चीत बसणं वगैरे, आणि शून्य ते शंभर असे मार्क. पहिल्या दिवशी किती, दोन आठवड्यांनी किती, हे कागदावर मागा. "सुधारणा आहे हं ताई" हे उत्तर घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांना शिकवतात का. बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं, लुळा हात कसा धरायचा. तो हात धरून उठवायचं नाही कुणीही!! खांदा निखळतो आणि मग वर्षभर दुखतो. हे काका-आत्यांनाही सांगा.

"चालेल" बद्दल: अशा पेशंटना बऱ्याचदा एखादाच शब्द येत राहतो, त्याचा अर्थ होकार नसतो. त्यांना कळतं त्यापेक्षा बोलता कमी येतं. हो-नाही अंगठ्याने किंवा चित्र दाखवून विचारा. आणि त्यांच्यासमोर खर्चाच्या गप्पा मारू नका, सगळं ऐकत असतात.

निशिगंध | मंगळवार, दुपारी २.१०

फिजिओवाली, हा प्रतिसाद प्रिंट काढून प्रत्येक हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये लावायला हवा.

बोलण्यावरून, माझ्या आजीला स्ट्रोकनंतर पाणी मागता यायचं नाही पण संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्ही थक्क. स्पीच थेरपिस्ट म्हणाली की पाठ झालेलं आणि गाणं बऱ्याचदा शिल्लक राहतं, त्याचाच उपयोग करून घेऊ. तिने आजीला आरतीच्या चालीवर "पाणी द्या" म्हणायला लावलं. महिनाभर आमच्या घरी सगळं आरतीच्या चालीवर चालायचं. थेरपिस्ट मराठी बोलणारी आहे का हे नक्की बघा, आम्हाला आधी मिळालेली मुलगी आजीला हिंदीत "सेब" आणि "अनार" ची चित्रं दाखवायची.

गावठी_गिरी | मंगळवार, दुपारी ४.४५

आमच्याकडं रिहॅब म्हणजे कबुतर. चुलत्याला लकवा मारला तर अख्खं गाव सांगत होतं कबुतराचं रक्त चोळा. दोन कबुतरं घेऊन एक पाहुणा आलापण होता. चुलतीनं सोडून दिली.

चेष्टा नाही करत, तालुक्याला फिजिओ आहे तो आठवड्यातनं दोन दिवस, सेंटर-बिंटर नाहीच. चुलत्याचं सगळं चुलतीनंच केलं. गोठ्याच्या खांबाला आडवा बांबू बांधून दिला सुताराकडनं, धरून चालायला. पण ते सहा महिन्यांनी सुचलं, तवर पाऊल पार खाली पडलेलं. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फिजिओवाली | मंगळवार, सायं ७.२०

गिरी, बांबू एक नंबर, पॅरलल बार म्हणजे तेच. पाऊल पडतं त्याला पोटरीमागून तळव्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो, आत्ताही दाखवून घ्या, चालण्यात फरक पडतो. कबुतरांच्या वतीने चुलतीचे आभार. आणि मालिशवाले येतील त्यांना हलक्या हाताने करू द्या हवं तर, पण गरम विटेचा शेक नको, त्या बाजूला संवेदना नसते, भाजलेलं पेशंटला कळतच नाही.

किरकटवाडीकर | मंगळवार, रात्री १०.३०

इथे सगळे नातेवाईकांच्या बाजूने लिहितायत, मी पेशंटच्या बाजूने लिहितो.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम, यात नसा कामातून जातात) साथ आली होती आठवत असेल, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. त्यात मी पण. वय ३८, त्या आधी आठवड्याला टेकडी चढणारा. आधी पोट बिघडलं, मग पायाला मुंग्या, मग जिना चढता येईना, मग श्वास. व्हेंटिलेटर, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटीबॉडीजची औषधं), सगळं झालं. आयसीयूतून बाहेर आलो तेव्हा डोकं शाबूत आणि मानेखाली काही नाही अशी अवस्था. तेव्हा मला रिहॅबला हलवलं.

पहिला आठवडा मी सगळ्यांना शिव्या घातल्या (मनात, आवाज नव्हता). पहिलं ध्येय काय तर बेडच्या कडेला आधाराशिवाय बसणं. हसू नका, त्यातच घाम फुटायचा. मग टिल्ट टेबल, म्हणजे पट्ट्यांनी बांधून फळीसकट हळूहळू उभं करतात, पहिल्यांदा केलं तेव्हा डोळ्यापुढे अंधारी आली. आणि मला जास्त करायची खुमखुमी, तर तिथला फिजिओ उलट मला आवरायचा. जीबीएसमध्ये अति थकवलं तर उलट ताकद कमी होते म्हणे, "आज एवढंच" म्हणून थांबवायचा. घरी असतो तर आईने "अजून पाच वेळा कर बाळा" म्हणून माझी वाट लावली असती.

ऑक्युपेशनल थेरपीवाल्या मॅडमनी मटार सोलायला बसवलं. मटारचा सीझन, किचनमधून पाटीभर आणायच्या. शेंग दोन बोटांत धरायची, अंगठ्याने फोडायची. माझी शेंग फुटायची आणि दाणे टणाटण खाटेखाली, मग शेजारच्या खाटेवरचे जोशी आजोबा (नाव बदललंय) काठीने ते बाहेर ओढायचे, ती त्यांची थेरपी. नंतर फोनचा लॉक स्वतः उघडला तेव्हा पहिलं काय केलं असेल तर बायकोला एक रुपया जीपे केला. तिने परत पाठवला नाही.

सांगायचं काय, सेंटरमध्ये माझ्यासारखे अजून चौघे होते. कोण माझ्या पुढे, कोण मागे. पुढच्याला बघून कळायचं की इथवर येता येतं. घरी मी एकटाच आजारी असतो आणि बाकी सगळे माझ्याकडे बघत बसलेले असतात. डायपर बदलायला अनोळखी माणूस असलेलाच बरा वाटतो, हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. आईसमोर लाज वाटते हो.

वाईटही सांगतो. रात्री फार वाईट. बेल वाजवायला बोट चालत नाही हे रात्रपाळीच्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसायचं. शेवटी बायकोने मोठं पिवळं बटण असलेली बेल आणून कोपराखाली चिकटवली. रानजाई, हे आधी बघा, बाबांच्या डाव्या हाताला बेल पोचते का.

चहाबाज | मंगळवार, रात्री १०.४१

कडक लिहिलंय. वहिनींनी एक रुपया परत न पाठवणं हेच खरं लग्न.

टेकडीवरचा | बुधवार, सकाळी ७.००

किरकटवाडीकर, सलाम. माझा धाकटा भाऊ फौजेत होता, अपघातात मणक्याला मार, कमरेखाली गेलं. तो खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला आहे. तिथलं वातावरण बघितलं की रिहॅबचा अर्थ कळतो, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे जवान आहेत. ते अर्थात सैनिकांसाठी आहे. पण वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये सिव्हिलियन्सनाही पाय बसवून देतात, १९४४ पासूनचं आहे ते. पाय कापावा लागलेल्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवा.

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. आपल्या सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले, आणि पोहायला लागले ते उपचाराचा भाग म्हणून. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. थेरपीतून थेट गोल्ड मेडल.

खडूस_काका | बुधवार, सकाळी ७.३०

आमच्या सौ.ला थेरपीतून फक्त माझ्यावर ओरडण्याची ताकद परत आली.

मीनाक्षी_क | बुधवार, सकाळी ११.१५

खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी हेल्थ इन्शुरन्स क्लेममध्येच काम करते. रानजाई, पॉलिसी काढ आणि एक्सक्लूजनच्या (म्हणजे काय मिळणार नाही त्या) यादीत "रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर" शोध, कोड एक्सल०५. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत हे कलम साधारण एकाच शब्दांत असतं, त्यामुळे वेगळ्या रिहॅब सेंटरचं बिल बहुतेक वेळा नामंजूर होतं. लोक आधी अ‍ॅडमिट करतात आणि मग आमच्याशी भांडतात.

पण दोन गोष्टी बघ. एक, डिस्चार्जनंतरचा खर्च, साधारण ६० किंवा ९० दिवसांचा, पॉलिसीत असतो. त्याच आजारासाठी डॉक्टरने लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते, पॉलिसीच्या शब्दांवर आहे. म्हणून डिस्चार्ज समरीत फिजिओ आणि स्पीच थेरपी स्पष्ट लिहून घे, "कंटिन्यू फिजिओ" एवढ्यावर नाही भागत, किती दिवस, आठवड्याला किती वेळा तेही. प्रत्येक बिलावर थेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर आणि तारीख. दोन, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये रिहॅब विभाग असेल आणि त्याच अ‍ॅडमिशनमध्ये थेरपी चालू राहिली तर ती उपचाराचा भाग म्हणून धरली जाण्याची शक्यता जास्त. डिस्चार्जची सही करण्याआधी विचार.

टॅक्सचं पण. बाबा किंवा तू जुन्या करपद्धतीत असाल तर १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डीडीबी बघा, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावरची वजावट, त्यातल्या न्यूरॉलॉजीच्या आजारांच्या यादीत अफेजिया आहे, म्हणजे हे बोलणं जाणं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारासाठी मर्यादा १ लाख. सीए पण विसरतात हे.

रानजाई | बुधवार, दुपारी १२.०५

बाप रे मीनाक्षी, पॉलिसी काढून बघितली, एक्सल०५ आहे. दादाला फोटो पाठवला. आणि डिस्चार्ज समरीचा ड्राफ्ट बघितला, त्यात खरंच "कंटिन्यू फिजिओ" एवढंच होतं! आज रेसिडेंट डॉक्टरांच्या मागे लागून बदलून घेतेय.

एडिसनचा_बंड्या | बुधवार, रात्री ८.५०

न्यू जर्सीहून. आई सहा महिने आमच्याकडे आली होती, बाहेर बर्फावर घसरली, कंबरेच्या सांध्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलची केस मॅनेजर बाई फाइल घेऊन हजर, कुठे पाठवायचं सांगा. इथे अ‍ॅक्यूट रिहॅब म्हणजे रोज निदान तीन तास थेरपी, आठवड्यातले पाच दिवस, ते झेपत असेल तरच घेतात. नाही झेपलं तर स्किल्ड नर्सिंग, म्हणजे नर्सिंगची सोय असलेलं केंद्र, तिथे दमादमाने. आईचा व्हिजिटर इन्शुरन्स, त्यात रिहॅब नाही म्हणाले, ती कथा वेगळ्या धाग्याची आहे, माझं अजून बोलायचं धाडस नाही.

पण तिथलं एक आवडलं. थेरपिस्टने आईला विचारलं घरी दिवसभर काय करता. आई म्हणाली पोळ्या. तर तिथे सराव करायला अख्खं किचन आहे, ओटा, शेगडी सगळं. आम्ही घरून पोळपाट-लाटणं नेलं आणि आईने वॉकर बाजूला ठेवून, ओट्याला कंबर टेकवून उभ्याने पोळ्या लाटल्या. किती वेळ उभ्या राहिल्या, वजन कुठल्या पायावर, ती बाई सगळं लिहून घेत होती. फुगलेली पोळी बघून दोन नर्स आल्या. नंतर थेरपिस्टच्या डब्यात तूप-साखर पोळी. इथे कागदपत्रांचा कितीही ताप असला तरी "घरी गेल्यावर काय करता यायला हवं" तिथून सुरुवात करतात हे बरोबर वाटलं.

पमाताई | बुधवार, रात्री ९.२०

बंड्या, हे आपल्याकडेही होऊ शकतं की. सासूबाईंच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्यांना एका हाताने पोळीचा तुकडा तोडायला शिकवलं, ताटाखाली ओलं फडकं ठेवायचं म्हणजे ताट सरकत नाही, पोळी डाव्या हाताच्या करंगळीने दाबायची आणि अंगठ्याने तोडायची. केवढीशी गोष्ट, पण त्या दिवसापासून कुणी भरवलेलं त्यांनी खाल्लं नाही. जाता जाता, ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण आपल्याकडे सुरू झालं तेच मुळी मुंबईत, केईएमला, १९५० साली कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. मूळच्या अमेरिकन बाई. आणि अजून लोक विचारतात "ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना?"

चहाबाज | बुधवार, रात्री ९.२४

मी आत्तापर्यंत ओटीभरण समजत होतो.

ऐसपैस | गुरुवार, सकाळी १०.००

मुंबईकरांसाठी: हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ ची. लोक दर्ग्याकडे बघत जातात, समोरची ही बिल्डिंग कुणाला दिसत नाही. अ‍ॅडमिट करण्याचीही सोय आहे, कृत्रिम अवयव, स्प्लिंट तिथेच बनतात. खासगीतले आकडे ऐकून घाम फुटला असेल तर आधी तिथे ओपीडीला दाखवा.

मूळ प्रश्नावर माझं मत खडूस_काकांकडे झुकतं. माझ्या वडिलांना सेंटरमध्ये डिप्रेशन आलं. कधी डोळ्यात पाणी न आलेला माणूस जाहिराती बघून रडायचा. घरी आणल्यावर, खिडकीतून गल्ली दिसायला लागल्यावर माणसात आले.

फिजिओवाली | गुरुवार, दुपारी १.४०

ऐसपैस, त्यांना घरी बरं वाटलं हे छानच. पण जाहिराती बघून रडणं हे स्ट्रोकमुळेही होतं, भावनांवरचा ब्रेक ढिला होतो. आणि खरं डिप्रेशन तर कितीतरी जणांना येतं, घरी असोत की सेंटरला. दोन्हीवर औषध आहे. "जागा बदलली की जाईल" म्हणून वाट बघू नये, डॉक्टरला सांगावं. सेंटरला सायकॉलॉजिस्ट आहे का हा प्रश्न यादीत टाका.

खडूस_काका | गुरुवार, दुपारी ३.००

बाई मुद्द्याचं बोलतात. माझा विरोध सेंटरला नाही, कारंज्याला आहे. रानजाई, जाल तिथे न सांगता जा, दुपारी तीन वाजता. तेव्हा जिममध्ये पेशंट किती आणि टीव्हीसमोर किती, मोजा. बाकी माहितीपत्रक रद्दीत घाला.

रानजाई | शनिवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन ठिकाणी दुपारी न सांगता गेलो. पहिल्या ठिकाणी कारंजं नव्हतं पण मत्स्यालय होतं, आणि टीव्हीसमोर नऊ व्हीलचेअर. जिम बंद, "मॅडम लंच टाइम". तीन वाजता! दुसरं जुन्या बंगल्यात आहे, भिंतीचा रंग उडालाय, वास पण थोडा फिनेलचा, पण जिममध्ये गर्दी, आणि एक मुलगी एका आजोबांशी पत्ते खेळत होती, त्यांना उजव्या हातानेच पान टाकायला लावत होती. बार्थेल विचारलं तर तिथल्या डॉक्टरांनी उलट मला विचारलं तुम्ही मेडिकलच्या का. रविवारी अर्धा दिवस थेरपी आहे. स्पीच थेरपिस्ट नगरची आहे, मराठी अस्सल.

तिथे तीन आठवड्यांसाठी ठरवलं, मग पुढचं स्कोअर बघून. एफडी मोडली. आईला तिथे रात्री राहायचं नाही, दिवसा येऊन शिकायचं असं ठरलंय. आत्याला फोनवर सांगितलं की हे आश्रम नाही, बाबांची शाळा आहे, तर म्हणाली मग मी डबा देते रोज. पातळ काही देऊ नकोस एवढं बजावलंय.

सोमवारी शिफ्ट करतोय. जाताना काय काय न्यायचं?

किरकटवाडीकर | शनिवार, रात्री १०.३२

छान! बेल. पुढून उघडणारे शर्ट, नाडीच्या नव्हे तर इलॅस्टिकच्या पँटी, मागून बंद असलेले बूट (स्लिपर नको, पाय सटकतो). चष्मा आणि कवळी, हे दोन्ही लोक विसरतात आणि मग म्हणतात पेशंट प्रतिसाद देत नाही. घरच्यांचे फोटो, नावं मोठ्या अक्षरात लिहून.

निशिगंध | शनिवार, रात्री १०.४०

आणि बाबांना पाठ असलेलं काय आहे ते त्या नगरच्या मुलीला पहिल्याच दिवशी सांग. पाढे, श्लोक, नाट्यगीत, काहीही.

रानजाई | शनिवार, रात्री १०.४४

पाढे! बाबा एलआयसीत होते, अडीचकीपर्यंत पाठ.

पमाताई | रविवार, सकाळी ६.३०

माझ्याकडे सासूबाईंचा वॉकर माळ्यावर पडून आहे, चांगल्या अवस्थेत. निगडीला येऊन नेलास तर फुकट.

फिजिओवाली | रविवार, सकाळी ९.१०

पमाताई, वॉकरला दोन्ही हात लागतात, बाबांचा उजवा चालत नाहीये. त्यांना बहुतेक चार पायांची काठी लागेल, तीही तिथला फिजिओ सांगेल तेव्हाच, उंची मोजून. आत्ताच काही विकत घेऊ नका.

खडूस_काका | रविवार, सकाळी ९.२५

चार पायांची काठी आमच्याकडे आहे, कोथरूड. सौ. आता ती वापरत नाही, मांजर हाकलायला ठेवलीय. खालचे रबरी बूट झिजलेत तेवढे नवे घाला, सर्जिकलच्या दुकानात मिळतात. उंची कमी-जास्त होते. फिजिओ म्हणाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सकाळी दहाच्या आत या, नंतर मी झोपतो.